आधी तंबोरा, मग अभिषेकीबुवा

नमस्कार श्रोतेहो.

साठीच्या आसपास असलेल्या पुष्कळ मराठी घरांत माळ्यावर कॅसेटचा एक डबा अजून असतो. त्यातल्या एखाद्या कॅसेटवर यजमानांच्या अक्षरात 'अभिषेकी, नाट्यपदं' लिहिलेलं असतं, तर दुसरीवर बाईंच्या अक्षरात 'अभिषेकी, रात्रीची मैफल, अर्धी'. ज्या जोडप्यांनी तरुणपणी गायक-संगीतकार पंडित जितेंद्र अभिषेकी मनापासून ऐकले आणि पुढे संसाराच्या धबडग्यात ज्यांचं ते ऐकणं सुटलं, त्यांच्यासाठी आजचं हे बोलणं आहे.

बुवांची विकत मिळणारी ध्वनिमुद्रणं आज मोबाइलवर सापडतात. त्यांच्यासाठी माळ्यावर चढायची गरज नाही. पण गावातल्या उत्सवात टेपरेकॉर्डर पुढे ठेवून भरलेली मैफल किंवा रेडिओवरून उतरवून घेतलेलं गाणं जगात एवढ्या एकाच प्रतीत असू शकतं. म्हणून पहिला नियम असा, की डबा खाली काढल्या काढल्या कॅसेट लावायची नाही.

आधी ती उजेडात धरा. काचेतून टेपच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. कोकणात, गोव्यात, मुंबईत ती हमखास असते. अशी कॅसेट वेगळी पिशवीत बांधा आणि जाणकाराकडे द्या, कारण ती लावली की बुरशी टेपरेकॉर्डरच्या हेडवर, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, येते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. बुरशी नसेल तर कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन्ही चिमुकल्या कळ्या मोडून टाका. त्या शाबूत असताना चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं, तर बुवांच्या ख्यालावर तुमच्या दिवाणखान्यातला पंखा भरला जाईल.

मग कॅसेटच्या पुढच्या खिडकीत बघा. मधोमध पातळ धातूच्या पट्टीवर फेल्टची चौकोनी गादी असते आणि ती टेपला हेडवर दाबून धरते. तीस-चाळीस वर्षांत तिचा डिंक वाळतो, गादी गळून पडते आणि आवाज दबका, वरखाली होणारा येतो. पुष्कळ लोक इथेच 'टेप गेली' म्हणून कॅसेट टाकून देतात. टेपला काहीही झालेलं नसतं. नको असलेली दुसरी कॅसेट उघडून तिची गादी पट्टीसकट इकडे बसवायची. कॅसेटला बहुधा पाच स्क्रू असतात. ती आडवी ठेवूनच उघडा आणि टेप कुठून कशी जाते याचा फोटो आधी काढा. कोपऱ्यातले रोलर आणि त्यांच्या बारीक पिना घरंगळतात, म्हणून खाली पांढरा कपडा हवा. स्क्रूच नसतील तर कवच चिकटवलेलं आहे. ते कडेने जपून फोडायचं आणि दोन्ही गुंडाळ्या स्क्रूच्या कवचात घालायच्या. तुटलेली टेप जोडायला साधी पारदर्शक चिकटपट्टी वापरू नका. तिचा डिंक उन्हाळ्यात पाझरतो आणि शेजारच्या वेढ्याला धरतो. यासाठी अरुंद जोडपट्टी वेगळी मिळते. ती टेपच्या आतल्या अंगाला लावायची, हेडला घासणाऱ्या अंगाला नाही.

आता यंत्र. वर्षानुवर्षं न वापरलेल्या टेपरेकॉर्डरचे रबरी बेल्ट सैल झालेले असतात, नाहीतर वितळून त्यांचा काळा चिकटा झालेला असतो. बदललेच पाहिजेत. हेड आणि त्याच्या शेजारची बारीक पोलादी दांडी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, तपकिरी डाग यायचा थांबेपर्यंत. रबरी रोलरला मात्र साबणाच्या पाण्याचा ओला बोळा पुरतो. पहिल्यांदा मोलाची कॅसेट लावायचीच नाही. एखादी टाकाऊ कॅसेट दोन्ही बाजूंनी वाजवून बघा, यंत्र टेप खात नाही ना याची खात्री करा. मग बुवांची कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा, म्हणजे एकमेकांना धरलेले वेढे सुटतात.

खरं काम इथून पुढे आहे, आणि ते दोघांचं आहे.

हेडच्या कोनात किंचित फरक असला तरी वरचे स्वर मरतात. तुमची कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्याचा कोन वेगळा, आजच्या यंत्राचा वेगळा. हेडच्या बाजूला स्प्रिंगवर बसलेला एक स्क्रू असतो, त्याने हा कोन बदलतो. फिरवण्यापूर्वी त्याची मूळ जागा पेनने खूण करून ठेवा. एकाने स्क्रू फिरवायचा, दुसऱ्याने ऐकायचं. काय ऐकायचं? बुवांचा आवाज नाही, तंबोरा. गाणं सुरू व्हायच्या आधी नुसता तंबोरा वाजतो तो तुकडा लावा. स्क्रू अगदी थोडा, पाव फेऱ्याहूनही कमी फिरवत गेलात की एका जागी जवारी, म्हणजे तारांचा झणझणीत गुंजारव, एकदम उघडते. तीच जागा. वयानुसार आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं, आणि बहुतेक घरांत यजमानांचं जरा जास्तच कमी होतं. तेव्हा स्क्रू ह्यांच्या हाती आणि निकाल बाईंचा, हे बरं.

मग वेग. तंबोरा हेलकावत असेल तर बेल्ट किंवा रोलर खराब आहे. तंबोरा स्थिर आहे पण बुवांचा आवाज तुमच्या आठवणीपेक्षा बारीक आणि ताना घाईच्या वाटत असतील, तर मोटर जोरात आहे. वेगात ६ टक्के फरक पडला की सूर साधारण अर्ध्या स्वराने सरकतो, म्हणजे पेटीच्या काळी एक पट्टीतला षड्ज (सा) शेजारच्या पांढरी दोनवर जातो. ६० मिनिटांच्या कॅसेटची ३० मिनिटांची बाजू मग सव्वाअठ्ठावीस मिनिटांत संपते. साथीला पेटी असेल तर षड्ज पेटीच्या पट्टीशी जुळवून बघा. दोन पट्ट्यांच्या मधे लोंबकळत असेल तर संशय घ्यावा. पुष्कळ मोटरींच्या पाठीला एक छिद्र असतं, त्यातून वेग कमीजास्त करता येतो.

मैफलीच्या ध्वनिमुद्रणात विजेची घरघर आली असेल तर तीही मोजपट्टी होते. आपली वीज ५० हर्ट्‌झची. संगणकावर घरघर ५३ ला दिसली तर वेग जास्त आहे. पण त्या काळी आपल्याकडे वीज ४९ च्याही खाली उतरायची, त्यामुळे एकदोन टक्क्यांवरून वाद घालू नका.

संगणकावर भरताना यंत्राच्या लाइन-आउट या आवाज बाहेर देणाऱ्या भोकातून आवाज घ्या, नसेल तर हेडफोनच्या भोकातून. सर्वांत मोठी तान आवाजाच्या मापकावर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट असं भरलंत तर तासाला साधारण १ जीबी लागतो. 'ऑडॅसिटी' हा मोफत प्रोग्रॅम पुरतो. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा. खरखर काढायची हौस प्रतीवर करा, आणि हात आखडता ठेवा, कारण ती सोय खरखरीसोबत आधी तंबोराच खाते.

एवढं झालं की मग बसून ऐका. बहुतेकांच्या आठवणीत बुवा म्हणजे नाट्यपदं, आणि ते रास्तच आहे. १९६४ चं 'मत्स्यगंधा', १९६६ चं 'ययाति आणि देवयानी', १९६७ चं 'कट्यार काळजात घुसली', १९६८ चं 'हे बंध रेशमाचे', एवढ्या थोड्या काळातलं हे त्यांचं संगीत देण्याचं काम. पदं आटोपशीर आणि नाटकाच्या प्रसंगाला बांधलेली. 'कट्यार'मध्ये तर दोन घराण्यांचं भांडण चालींतच मांडलेलं आहे, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. पण यातलं पुष्कळसं दुसऱ्यांच्या गळ्यातून आलेलं. म्हणून आता क्रम उलटवा आणि आधी बुवांचा ख्याल लावा. मंगेशीत कीर्तनकाराच्या घरी वाढलेला, जगन्नाथबुवा पुरोहित आणि अझमत हुसेन खाँ यांच्याकडे शिकलेला, मुंबई आकाशवाणीच्या कोकणी विभागात काम केलेला हा गायक बंदिशीचा मुखडा (सुरुवातीची ओळ) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कसा आणतो ते पाहा. मग नाट्यपद लावलंत की चालीतली ती आग्रा घराण्याची लयीची पकड आपोआप कानावर येते. उलट क्रमाने ऐकलं तर ती नाट्याच्या रंगात झाकून जाते, असं आमचं मत.

राग ओळखण्यावरून दोघांत दुमत झालंच तर दोन्ही नावं फाइलवर लिहा. तारीख, गाव, तबल्यावर कोण, हेही आत्ताच, आठवतंय तोवर. कॅसेट एका बाजूला पूर्ण गुंडाळून, उभी, डबीत, स्पीकरपासून लांब ठेवा. फाइलच्या दोन प्रती करा आणि एक मुलांच्या घरी द्या.

नमस्कार.