कन्व्हर्टर मेला की मारला?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय तो 'चेक इंजिनचा दिवा लागल्यावर स्वतः करायची तपासणी'. त्याकडे येतोच. पण आधी माझी एक तक्रार ऐकून घ्या. गाडी असलेल्या प्रत्येकाला मी ती ऐकवतो. बाकीचे निसटतात, तुम्हाला आज मध्येच उठता येणार नाही.

माझ्या मेहुण्याच्या गाडीत हा पिवळा दिवा लागला. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, कोड आला पी ०४२०. म्हणजे एक्झॉस्टमधले विषारी वायू साफ करणारा जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, त्यातल्या कॅटॅलिस्टची, म्हणजे धातूंच्या लेपाची, कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेच्या खाली. "कन्व्हर्टर गेला साहेब, बदलावा लागेल." बदलला. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम. तेव्हा बिलाचा अंदाज तुम्ही करा. माझ्या बहिणीला तो नव्हता, आणि तो तिला देण्याचं काम मेहुण्यावर आलं. (हशा)

दिवा विझला. काही महिन्यांनी परत लागला. कोड तोच. आता गॅरेजचं म्हणणं, नवा कन्व्हर्टरच सदोष निघाला. दोष भागाचा, तपासणाऱ्याचा कधीच नाही! मी मेहुण्याला एवढंच विचारलं, "इंजिन ऑइल मधूनमधून घालावं लागतं का रे?" तो अभिमानानं म्हणाला, "दर महिन्याला घालतो. गाडीची काळजी घेतो मी." अहो, पण ते ऑइल जातं कुठं? जमिनीवर डाग नाही, म्हणजे ते सिलिंडरमध्ये जळतंय आणि एक्झॉस्टमधून बाहेर पडतंय. झीज कमी व्हावी म्हणून ऑइलमध्ये झिंक आणि फॉस्फरसचं संयुग घातलेलं असतं. तो फॉस्फरस कॅटॅलिस्टवर थर धरतो. जुना कन्व्हर्टर असाच मेला, नवाही त्याच वाटेनं निघाला होता. गॅरेजनं प्रेत बदललं, खुनी मोकळाच.

माझं म्हणणं एवढंच आहे. कन्व्हर्टरमध्ये हलणारा एकही भाग नाही. बारीक छिद्रांची सिरॅमिकची जाळी, तिच्यावर धातूंचा पातळ लेप. तो सहसा आपणहून मरत नाही, त्याला कोणीतरी मारतं. अमेरिकेत १९७५च्या मॉडेलांपासून बहुतेक नव्या गाड्यांना तो बसला, आणि त्याच्यासाठी आधी पंपांवर शिसंविरहित पेट्रोल आणावं लागलं, कारण शिसं या लेपाचा नाशच करतं. गंमत बघा, शिसं माणसांनाही विषारी आहे हे आधीपासून ठाऊक होतं. पण पंपांवर ते बाजूला सारलं गेलं यंत्राची तब्येत सांभाळायला. गाड्यांसाठी शिसंयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तिथं ते थांबलं २०२१ साली. असो, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. बोलावलंत तर येईन.

आता कोड येतो कसा? कन्व्हर्टरच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो आणि नंतर एक. पुढचा साधा सेन्सर असेल तर त्याचं व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९च्या दरम्यान सतत वरखाली होतं. लेपात सिरियम ऑक्साइड असतं, ते ऑक्सिजन साठवतं आणि सोडतं, म्हणून मागच्या सेन्सरची रेघ जवळजवळ सरळ राहते. साठवण कमी झाली की मागचा पुढच्याची नक्कल करू लागतो. कॉम्प्युटर एवढंच बघतो. धूर तो मोजत नाही. त्यामुळे सेन्सरजवळ एक्झॉस्टला गळती असेल, बाहेरची हवा आत खेचली जात असेल, तर धडधाकट कन्व्हर्टरवरही आळ येतो.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय. म्हणजे छापलेला विषय आता पाच मिनिटांत.

दिवा लुकलुकत असेल तर ॲक्सिलरेटर सोडा, बाजूला घ्या. मिसफायर जोरात आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, आणि ते न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळतंय, जाळी वितळू शकते. दिवा स्थिर असेल तर घाई नाही, पण कोड पुसू नका. आधी फ्रीझ फ्रेम लिहून घ्या, कोणत्या वेगाला, किती तापमानाला दोष नोंदला ते. पुसलंत तर तेही जातं आणि गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पहिल्यापासून सुरू होतात.

सोबत दुसरे कोड आहेत का बघा. ०३०० ते ०३१२ मिसफायरचे, ०१७१ लीन मिक्श्चरचा, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी, ०१७२ रिचचा, म्हणजे पेट्रोल जास्त. हे असतील तर आधी हे मिटवा, ०४२०ला हात लावू नका. फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल कमीजास्त करून करतो ती दुरुस्ती, दहा टक्क्यांच्या पलीकडे गेलेला असेल तर तिथंच शोधा. थंड इंजिन सुरू करून मॅनिफोल्डपाशी, म्हणजे इंजिनमधून एक्झॉस्ट बाहेर पडतो तिथल्या नळ्यांपाशी, टिकटिक ऐका, ती गळती. ऑइल आणि कूलंटची पातळी कमी होतेय का बघा. मग इंजिन चांगलं तापवून २५०० आरपीएमला धरा आणि दोन्ही सेन्सरांचा आलेख शेजारीशेजारी ठेवा. बाकी सगळं ठीक असून मागचा नाचत असेल, तरच कन्व्हर्टर संशयित.

गाडी ओढतच नसेल तर जाळी तुंबलेली असू शकते. पुढचा सेन्सर काढून त्या जागी प्रेशर गेज लावतात. २५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या वर गेलं तर पुढं अडथळा आहे. रबरी हातोडीनं हलकेच ठोकल्यावर आत खडखडलं, तर जाळी फुटली.

मागून चिठ्ठी आलीय, टाकीत ओतायच्या क्लीनरच्या बाटल्यांचा उपयोग होतो का? फॉस्फरसचा थर किंवा वितळलेली जाळी बाटलीनं बरी होत नाही. पुढचे प्रश्न बाहेर पार्किंगमध्ये विचारा, स्कॅनर माझ्या गाडीत आहे.