फाइलीचा अंगठा

(दृश्य: अमळनेर, सकाळ. बोरी नदी. मग एका छोट्या दुकानाचं शटर वर जातं.)

हे आमचं अमळनेर. १९४५ साली ह्याच गावात वनस्पती तूप बनवणारी एक कंपनी निघाली आणि तीच पुढे सॉफ्टवेअरच्या धंद्यात जगभर गेली, विप्रो. माझं दुकान त्यामानाने अगदी लहान, कॉम्प्युटर आणि प्रिंटर रिपेरिंगचं, पण काम शेवटी त्याच वस्तूचं, सॉफ्टवेअरचं, फक्त ते बिघडल्यावर माझ्याकडे येतं.

आज टेबलावर जो सीपीयू दिसतोय तो पारोळ्याकडच्या एका खेड्यातून आलाय. कापसाची खेडा खरेदी करणारे काका आहेत, वजनकाट्याला जोडलेलं मशीन आहे त्यांचं, आणि आठ दिवसांपासून ते आपोआप कायतरी उघडतंय, बंद करतंय. साधा रिपेरवाला काय करेल, फॉरमॅट मारेल आणि पैसे घेईल. मी पण तेच करायचो. पण मला एका गोष्टीने धडा दिलाय, ती आधी सांगतो.

चार वर्षांपूर्वी एका अडत्या काकांना मी ऑफिसचं फुकट सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं. घाईत होतो, सर्च केलं, पहिली लिंक उघडली, ती साइट मूळ कंपनीची नव्हती तरी फाइलचं नाव बरोबर, आयकॉन बरोबर, मी डबल क्लिक करून मोकळा. तिसऱ्या दिवशी त्यांच्या सगळ्या फायली लॉक. कोणाला किती उचल दिली, कोणाचा किती कापूस आला, सगळं गेलं. काका दुकानात येऊन एवढंच बोलले, "भाऊ, मन्हा सगळा हिशोब गया." ओरडले नाहीत, भांडले नाहीत, आणि त्यामुळेच ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. मूळ साइटवर त्या सेटअपच्या शेजारीच त्याचा हॅश छापलेला होता. जुळवायला मला अर्धा मिनिट लागला असता.

(दृश्य: स्क्रीन जवळून. काळी खिडकी, पांढरी अक्षरं.)

तर हॅश म्हंजे काय. कुठलीही फाइल घ्या, फोटो असो, गाणं असो, विंडोजची सिस्टिम फाइल असो, आतमधे ती आकड्यांची लांबच लांब रांग असते. ती रांग एका ठरलेल्या गणितातून काढली की बाहेर एक छोटा आकडा पडतो, तो हॅश. एसएचए-२५६ नावाची पद्धत वापरली तर बरोबर ६४ अक्षरं येतात, शून्य ते नऊ आणि ए ते एफ एवढीच. फाइल दोन जीबीची असली तरी ६४, एका ओळीची असली तरी ६४. आणि हे चक्कीसारखं आहे, दाण्याचं पीठ होतं, पिठावरून परत दाणे करता येत नाहीत, हॅशवरून फाइल परत बनवता येत नाही.

आता हे बघा, मी एक रिकामी फाइल बनवतो, आत काहीच नाही, शून्य बाइट. विंडोजमधे ह्यासाठी वेगळं काही टाकावं लागत नाही, पॉवरशेल, म्हंजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडायची, गेट-फाइलहॅश लिहायचं, पुढे फाइलचं नाव, एंटर. पण एवढी अक्षरं एका दमात वाचू नका, सुरुवात बघा फक्त: ई, ३, बी, ०, सी, ४, ४, २. आणि शेवट: बी, ८, ५, ५. ही रिकामी फाइल मी अमळनेरला केली, तुम्ही नंदुरबारला करा, कोणी जपानमधे करा, नाव काहीही द्या, हीच ६४ अक्षरं येणार. आमच्या धंद्यात हा हॅश पाठ झालेला असतो, कारण डाउनलोड मधेच फसलं आणि नुसतं टरफल आलं की हाच दिसतो.

आता त्याच फाइलीत मी एकच अक्षर टाकतो. एकच. बघा, अख्ख्या ओळीचा नूर बदलला, आधीच्याशी काही मेळच नाही. पण फाइलचं नाव बदला, दुसऱ्या फोल्डरमधे टाका, पेनड्राइव्हवर कॉपी करा, हॅश जसाच्या तसा, कारण नाव हे फाइलीच्या अंगात नसतं, ते बाहेर चिकटवलेलं असतं. चोर नाव बदलू शकतो, अंगठा बदलू शकत नाही.

(दृश्य: घराचा ओटा. सूप, ज्वारी.)

ही आमची माय. दादर निवडतेय. दादर म्हंजे आमच्या खान्देशातली रब्बीची ज्वारी, हिच्या भाकरीची चव दुसरीला नाही. मायचे हात बघा, ती एकेक दाणा उचलून तपासत नाही, दाणा कसा असतो ते तिच्या डोळ्याला माहितीये, त्यामुळे दाणे नुसते सरकत जातात आणि बोट थांबतं ते खड्यावर. कॉम्प्युटर तपासणारे अगदी हेच करतात.

एका साध्या मशीनवर लाखाच्या वर फायली असतात. त्यातल्या बहुतेक विंडोजच्या, ऑफिसच्या, ब्राउजरच्या, म्हंजे कोट्यवधी मशीनवर तशाच्या तशा असलेल्या. त्या कोण उघडून बघत बसणार? म्हणून अमेरिकेत एनआयएसटी नावाची सरकारी संस्था आहे, मापं आणि मानकं ठरवणारी, तिने एक लायब्ररी उभी केलीये, नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररी, एनएसआरएल म्हणतात. मेरिलँडमधल्या गेथर्सबर्गला. तिथे खरोखरच्या कपाटांत सॉफ्टवेअरचे खोके आहेत, सीड्या, फ्लॉप्या, विकत आणलेल्या, कंपन्यांनी दिलेल्या. प्रत्येक सॉफ्टवेअरमधली प्रत्येक फाइल काढायची, तिचा हॅश काढायचा, आणि ही फाइल कुठल्या प्रॉडक्टची, कुठल्या व्हर्जनची ते लिहून ठेवायचं, वर्षानुवर्षं हेच चाललंय. ती यादी ते दर तीन महिन्यांनी सगळ्यांसाठी फुकट देतात. मला ह्या कामाबद्दल फार आदर आहे, कारण कोणीतरी शांतपणे बसून जगभराची दादर ओळखून ठेवलीये म्हणून माझ्यासारख्याला अमळनेरात बसून खडा शोधता येतो.

मग काम सोपं होतं. ऑटोप्सी नावाचं डिस्क तपासायचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, पोलिसांच्या सायबर लॅबमधली माणसं पण वापरतात, त्याला ही यादी जोडायची आणि डिस्कच्या कॉपीवर सोडायचं. कॉपीवर, मूळ डिस्कला हात लावायचा नाही. यादीतल्या फायली बाजूला होतात, उरतं ते बघायचं.

इथे एक गैरसमज फार आहे. यादीत आहे म्हंजे चांगली, असं नाही. यादी ओळखीच्या फायलींची आहे, सज्जन फायलींची नाही, तिच्यात पासवर्ड फोडायची हत्यारं पण नोंदलेली आहेत. आणि कंपनीच्याच घरात चोर शिरला तर? २०१७ साली सीक्लीनरचं, म्हंजे कॉम्प्युटरमधला कचरा साफ करायच्या सॉफ्टवेअरचं, तसंच झालं, कंपनीच्या अधिकृत फाइलीतच व्हायरस गेला होता, हॅश बरोबर जुळला असता आणि तरी नुकसान झालं असतं. हॅश तुम्हाला एवढंच सांगतो की ही तीच फाइल आहे. उलट बाजूने त्याचा उपयोग किती होतो ते लिनक्स मिंटवाल्यांनी पाहिलंय, विंडोजसारखीच पण फुकटची सिस्टिम बनवणारी माणसं. फेब्रुवारी २०१६, साइटवर कोणीतरी घुसलं आणि डाउनलोडची लिंक बदलून चोरदरवाजा ठेवलेली फाइल लोकांना दिली. मिंटवाल्यांनी लगेच खऱ्या फायलींचे हॅश जाहीर केले, जुळवा म्हणाले, ज्याचा जुळला नाही त्याला कळलं.

तो हॅश एमडी-५ चा होता, ३२ अक्षरांचा. ही पद्धत रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी १९९१ साली बनवली, आणि २००४ मधे चीनच्या श्याओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की दोन वेगळ्या गोष्टींचा एमडी-५ मुद्दाम एकसारखा आणता येतो. नंतर एसएचए-१ ची पण तीच गत, २०१७ मधे गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी दोन वेगळ्या पीडीएफ फायली एकाच हॅशच्या करून दाखवल्या. तरी हे नीट समजून घ्या, आधीच अस्तित्वात असलेल्या फाइलीच्या हॅशला जुळणारी दुसरी फाइल घडवणं अजून एमडी-५ वर सुद्धा कोणाला जमलेलं नाही, त्यामुळे जुन्या याद्या रद्दीत जात नाहीत. पण नवीन काम करताना एसएचए-२५६ च घ्या. त्यात जेवढे वेगवेगळे हॅश होऊ शकतात तो आकडा ७८ अंकी आहे.

(दृश्य: कोर्टाबाहेरचा रस्ता, टायपिंगवाले, वकील.)

आता तर हे कोर्टात पण आलंय. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्याच्या कलम ६३ प्रमाणे मोबाइलमधला व्हिडिओ किंवा कॉम्प्युटरमधली फाइल पुरावा म्हणून द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्या नमुन्यात हॅश लिहायची जागाच आहे. बांधाच्या भांडणाचा व्हिडिओ घेऊन लोक माझ्याकडे येतात, दादा पेनड्राइव्हवर टाकून द्या म्हणतात. मी आधी विचारतो, मूळ मोबाइल कुठंय? कारण व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केला जातो, डोळ्याला तोच दिसतो पण फाइल दुसरीच झालेली असते, हॅश वेगळाच येतो. मूळ मोबाइल सांभाळा, त्यातलं काही डिलीट करू नका, हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो.

(दृश्य: परत दुकान. रात्र. स्क्रीनवर यादी सरकतेय.)

खेडा खरेदीवाल्या काकांच्या मशीनचं काम संपत आलंय. दोन लाखांच्या वर फायली होत्या, त्यातल्या ओळखीच्या गेल्या बाजूला. उरलेल्यात काकांचे नातवाचे फोटो, हिशोबाच्या एक्सेल फायली, त्या उघडायचं काहीच कारण नाही. आणि ही बघा. नाव एसव्हीसीहोस्ट, विंडोजचं एकदम घरचं नाव, पण खरी राहते सिस्टिम३२ मधे आणि ही बसलीये टेम्प फोल्डरमधे, हॅश कुठल्याच व्हर्जनशी जुळत नाही. व्हायरसटोटल म्हणून एक साइट आहे, बऱ्याच अँटीव्हायरसांचा निकाल एकत्र दाखवते, तिच्यावर मी फाइल टाकत नाही, नुसता हॅश टाकतो, ग्राहकाची वस्तू बाहेर पाठवायची नाही हा माझा नियम आहे. लाल लाल सगळं. हाच खडा.

पण अजून एक अनोळखी आहे, वजनकाट्याचं सॉफ्टवेअर. ते अमेरिकेच्या यादीत कसं असणार, धुळ्याच्या एका पोराने बनवलंय, आपल्या भागातल्या दहा-वीस काट्यांवर चालतं. संशय घ्यावा तर काकांचा धंदा बंद, सोडून द्यावं तर मन खात राहणार. म्हणून त्या पोराला फोन लावला, रात्रीचे साडेनऊ, तो जेवत होता. म्हटलं, तुझ्याकडच्या मूळ फाइलीचा हॅश वाचून दाखव.

"दादा, पूर्ण वाचू?"

"पूर्ण वाच भाऊ, मधलं गाळू नको."

तो वाचत गेला, मी स्क्रीनवर बोट ठेवून एकेक अक्षर सरकत गेलो, चौसष्ट. जुळलं.

ही माझी वही. चार वर्षांपासून आपल्या भागातली जी सॉफ्टवेअरं त्या मोठ्या यादीत नाहीत, जिनिंगवाल्यांची, पतसंस्थांची, केळीच्या हिशोबाच्या पट्ट्या बनवायची, त्यांचे हॅश बनवणाऱ्याला विचारून ह्यात उतरवतोय, आणि कॉम्प्युटरवर पण तीच यादी ठेवलीये, कोणाला पाहिजे असेल त्याने दुकानात येऊन पेनड्राइव्हवर घेऊन जावी. आज वजनकाट्याची ओळ टाकली. नाव, व्हर्जन, तारीख, चौसष्ट अक्षरं.

(दृश्य: वहीचं पान, पेन. सीपीयूचं झाकण बसतं. शटर खाली.)