आधी नळी काढा, मग बघू

पत्रिकेत माझा विषय 'आयसीयूतल्या पेशंटचं ब्लॅडर ट्रेनिंग' असा छापलाय, आधीच्या सरांनी सेप्सिसवर माझी दहा मिनिटं खाल्लीत, असू दे, सेप्सिस मोठ्या लोकांचा विषय, आम्ही आपले लघवीवाले. आधी एक सांगा, कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, काढायच्या आधी ब्लॅडरला भरायची सवय लावायला म्हणून नळीला आर्टरी, म्हणजे तो दातेरी चिमटा, कुणी कुणी लावलीय? हात वर. बघा, सगळेच. मागच्या रांगेतले ब्रदर पण वर करा, लाजता काय.

तर एका हॉस्पिटलची गोष्ट, नाव घेत नाही, तिथून माझा पीएफ अजून यायचाय. राउंडला सर यायचे, फाइलवर लिहायचे, क्लॅम्प, म्हणजे नळी बंद, दोन तास, रिलीज, असं दिवसभर, मग रिमूव्ह. दोन तासांनी सोडणार कोण, ते कधीच कुणी लिहीत नाही, तेव्हा एक सिस्टर आणि तीन बेड, त्यातले दोन व्हेंटिलेटरवर. चार नंबरचे आजोबा न्यूमोनियातून उठलेले, श्वासाची ट्यूब नुकतीच निघालेली, गुंगी आणणारं फेन्टानिल अजून पुरतं उतरलेलं नाही. आर्टरी लागली आणि तेवढ्यात शेजारच्या पेशंटचं हृदय थांबलं, अरेस्ट. मग कोण बघतंय आर्टरीकडे? दुपारी आजोबा चादर ओढतायत, पाय खाली टाकतायत, पल्स वर, बीपी वर. रेसिडेंटने लिहिलं डेलिरियम, म्हणजे भ्रम, शांत करायला हॅलोपेरिडॉल द्या, हात बांधा. बाहेर मुलगा रडतोय की बाबांच्या डोक्यावर परिणाम झाला. आजोबा तर स्वच्छ सांगत होते, 'मला जायचंय', आणि आम्ही सगळे त्यांना समजावतोय, उद्या वॉर्डात जायचं हं आजोबा, मग घरी. शेवटी चादर बदलायला वॉर्डबॉय मामा आले तेव्हा मांडीखाली दबलेली आर्टरी दिसली. सोडली तर युरोबॅगेत बघता बघता लिटरभर. आजोबा झोपले पण. आणि फाइलवर शेरा काय, हॅलोपेरिडॉलला रिस्पॉन्स चांगला! (हशा) हसू नका, आउटपुट शून्य दिसलं म्हणून क्लॅम्प न बघता लघवी वाढवणारं लॅसिक्स दिलेलंही मी पाहिलंय. आणि त्या आर्टरीच्या दातांनी नळीचं काय होतं ते वेगळंच.

किती वेळ राहिला? पाच मिनिटं? बरं, मग मुद्द्याचं पटापट. नळी आठवडाभर राहिली की लघवीची पिशवी, म्हणजे ब्लॅडर, आक्रसते, तिला भरायची सवय लावायला हवी, असा हा समज. पण आठ-दहा दिवसांच्या नळीने स्नायू काम विसरत नाही. क्लॅम्प करून काढलेले आणि सरळ काढलेले पेशंट अभ्यासांत शेजारी शेजारी ठेवून बघितलेत, परत नळी घालावी लागण्यात फारसा फरक सापडत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 2009 च्या गाइडलाइनमध्ये लिहूनच टाकलंय की काढण्याआधी क्लॅम्पची गरज नाही. आणि आपला पेशंट सिडेशनखाली, गुंगीत, भरल्याची जाणीव झाली तरी सांगणार कशी? त्यात या ट्रेनिंगपायी नळी एक दिवस जास्त राहते, आणि दर दिवसाला लघवीत जंतू येण्याची शक्यता 3 ते 7 टक्क्यांनी वाढते. म्हणजे सवय लावण्याच्या नादात इन्फेक्शन.

मानेला किंवा पाठीला वरच्या बाजूला मार असेल, पाठीच्या टी-6 मणक्याला किंवा त्याच्या वर, तर पिशवी तुंबली की बीपी भडकतं, डोकं ठणकतं, घाम फुटतो, तिथे तर क्लॅम्पचं नावच काढू नका. मूत्रमार्गाचं ऑपरेशन असेल तर सर्जनला विचारल्याशिवाय नळीला हात लावायचा नाही, ते वेगळं प्रकरण.

मग करायचं काय, तर रोज राउंडला विचारायचं, ही नळी आज कशासाठी आहे? उत्तर नसेल तर फुग्यातलं पाणी सिरिंजने पूर्ण काढा, नळी काढा, वेळ लिहा. पुढच्या चार ते सहा तासांत लघवी होते का बघा, किती झाली मोजा, नाही झाली तर ब्लॅडर स्कॅन, म्हणजे आत किती साठलीय ते मशीनने बघणं. तुमच्या प्रोटोकॉलच्या आकड्यावर गेलं, बहुतेक ठिकाणी तो 300 ते 500 मिलीच्या मधे असतो, तर एकदा साध्या नळीने रिकामी करा, लगेच परत फोली, म्हणजे आत राहणारी नळी, नको. ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीची वेदनाशामकं, कमी करता येतील का, संडास किती दिवस झाली नाही, हे आधी बघा, बद्धकोष्ठ पेशंटची लघवी पण अडते. आणि पुरुष पेशंटला जमत असेल तर धरून उभं करा हो, पडदा ओढा, मुलीला-सुनेला बाहेर पाठवा. आडवं पडून, पॉट लावून, चार माणसं बघत असताना कुणाला होईल? चला, बेल वाजली, प्रश्न असतील तर चहाला या.