छोट्या कुत्रीचं पहिलं बाळंतपण: कॅल्शियमची बाटली आधी बाजूला ठेवा

नमस्कार मंडळी! तुमच्या घरी पॉमेरेनियन, पग, शिह त्झू किंवा डॅशंड आहे आणि तिला पहिल्यांदाच पिल्लं होणार आहेत. मग सगळ्यात आधी या बाटलीबद्दल बोलू.

(कॅल्शियम सिरपची बाटली कॅमेऱ्यासमोर धरून)

घरात ही बाटली येते ती मायेपोटी. "बाळंतपण आहे, हाडं झिजतील, दे तिला दोन चमचे." पण गाभण कुत्रीच्या शरीराचं गणित वेगळं आहे. गळ्याजवळच्या पॅराथायरॉइड ग्रंथी लागेल तसं हाडांतलं कॅल्शियम रक्तात आणत असतात. बाहेरून रोज आयतं मिळायला लागलं की त्या सुस्तावतात. मग पिल्लं होतात, दूध सुरू होतं, दुधावाटे भराभर कॅल्शियम जायला लागतं, आणि या ग्रंथींना तेवढ्या घाईत कामाला लागता येत नाही. रक्तातलं कॅल्शियम एकदम कोसळतं. याला एक्लॅम्पसिया म्हणतात आणि तो छोट्या जातींमध्ये जास्त दिसतो. त्यामुळे तुमच्या व्हेटने स्वतः लिहून दिलेलं नसेल, तर पोटात पिल्लं असताना कॅल्शियम द्यायचं नाही.

मग खायला काय द्यायचं? पहिले पाचेक आठवडे नेहमीचंच, नेहमीएवढंच. त्यानंतर हळूहळू पपी फूडवर आणा. पोटात जागाच उरत नाही, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं द्या. नुसत्या दूध-पोळीवर तिला ठेवू नका, तेवढ्याने भागत नाही. आणि डिंकाचे लाडू अजिबात नकोत. त्यात मनुका असतील तर कुत्र्याच्या किडनीवर बेततं.

आता तारखा. साधारण ६३ दिवस धरतात, पण मेटिंगच्या तारखेपासून मोजलं तर ५८ ते ६८ यांतला कुठलाही दिवस उजाडू शकतो. सोनोग्राफी महिन्याभरात होते, पिल्लांच्या हृदयाचे ठोके दिसतात, पण आकडा मात्र चुकू शकतो. म्हणून ५५व्या दिवसानंतर एक्स-रे काढून घ्याच. तोवर हाडं पक्की झालेली असतात, कवट्या आणि मणके मोजता येतात. तीन पिल्लं आहेत हे माहीत असेल, तर दोन झाल्यावर ती निवांत झोपली म्हणून तुम्ही दिवा मालवून झोपणार नाही. एकच पिल्लू असेल तर तेही आधी कळायला हवं. एकटं पिल्लू बरेचदा मोठं होतं आणि कळा आपोआप सुरू होतीलच असं नसतं. पगसारख्या मोठ्या डोक्याच्या जातीत सिझेरियनबद्दल व्हेटशी आधीच बोलून ठेवा.

(थर्मामीटर दाखवत)

माझ्या मते सगळ्या तयारीत सगळ्यात उपयोगाची वस्तू ही. साधा डिजिटल थर्मामीटर, टोकाला थोडं व्हॅसलीन, गुदद्वारातून हळूच घालायचा. शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ ताप बघा आणि वहीत लिहा. एरवी तो १०० ते १०२ फॅरनहाइटच्या आसपास असतो. गाभणपण टिकवणारं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन खाली आलं की तापही ९९च्या खाली उतरतो आणि बहुतेक वेळा पुढच्या २४ तासांत कळा सुरू होतात. रोज बघत असाल तरच हा उतार हाती लागतो. एकदाच बघून काही कळत नाही.

जागा म्हणाल तर वर्दळीपासून लांबचा कोपरा आणि पुठ्ठ्याचा किंवा लाकडी खोका. पुढची बाजू एवढीच उंच की ती सहज ओलांडेल, पण पिल्लं बाहेर घरंगळणार नाहीत. आठवडाभर आधीपासून तिला तिथे झोपायची सवय लावा, नाहीतर ती तुमच्या कपाटातच व्यायची.

कळांच्या आधी ती धापा टाकेल, थरथरेल, चादरी उकरेल, खाणार नाही. हे बारा तास, कधी त्याहून जास्तही चालतं. घाबरू नका, सगळ्या सोसायटीला बघायला बोलावू नका. पण जोरात कळा देऊन अर्धा तास झाला आणि पिल्लू येत नाही, दोन पिल्लांमध्ये दोन तासांहून जास्त गेले, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवा स्राव दिसला, तर लगेच व्हेटकडे. हिरवा रंग म्हणजे वार सुटायला लागली आहे आणि आतल्या पिल्लाचा प्राणवायू तुटतोय. कुणी घरी येऊन "कळांचं इंजेक्शन देतो" म्हणालं तर ठाम नाही म्हणा. पिल्लू अडकलेलं असताना ते दिलं तर गर्भाशय फाटू शकतं. म्हणून रात्री दोन वाजता कुठला दवाखाना उघडा असतो, तिथे सिझेरियन होतं का, आणि गाडी कोण काढणार, हे आत्ताच ठरवा. फोन करून विचारा, नुसत्या पाटीवर विश्वास ठेवू नका.

पिल्लू आलं आणि आईने त्याच्याभोवतीची पातळ पिशवी फाडली नाही, तर तुम्ही फाडा, नाक-तोंड पुसा, कोरड्या टॉवेलने चोळा. उलटं धरून झटकू नका, मेंदूला इजा होते. नवजात पिल्लांना कुडकुडताही येत नाही, ऊब बाहेरूनच द्यावी लागते. टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे उकडलं तर त्यांना सरकता येईल. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नका, आधी हळूहळू गरम करा, कारण थंड पोटात दूध पचत नाही. स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर रोज वजन करा. पॉमचं पिल्लू जेमतेम शंभर-दीडशे ग्रॅमचं असतं, दहाएक दिवसांत ते दुप्पट व्हायला हवं. एक दिवस जरी वजन वाढलं नाही तरी व्हेटला कळवा.

आणि पिल्लं दोन-तीन आठवड्यांची झाली, सगळं छान चाललंय असं वाटतं, तेव्हाच लक्ष ठेवा. आई अस्वस्थ झाली, उगाच धापा टाकतेय, पाय ताठ टाकत चालतेय, अंग थरथरतंय, तर तो एक्लॅम्पसिया असू शकतो. पिल्लं लगेच तिच्यापासून बाजूला करा आणि तिला दवाखान्यात न्या. तिथे शिरेतून हळूहळू कॅल्शियम देतात, हृदयाचे ठोके ऐकत. घरी चमच्याने पाजत बसलात तर तेवढा वेळ तिच्याकडे नसतो.