निवळीचं नाव आणि निवळीचं काम

(दृश्य: इचलकरंजी. यंत्रमागांची खडखड. मग प्रोसेस हाऊसमधली, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्यातली, सांडपाण्याची टाकी.)

पाणी जांभळं दिसतंय. सुती कापडाचा रिअॅक्टिव्ह रंग, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंध जोडणारा रंग, धाग्यावर पुरता बसत नाही. उरलेला रंग, भरपूर मीठ आणि सोडा असं सगळं या टाकीत येतं. माती असती तर तळाशी बसली असती. हा रंग विरघळलेला, त्यावर ऋण प्रभार. त्याचे कण एकमेकांपासून लांबच राहतात.

एरवी इथे तुरटी पडते, नाहीतर फेरस सल्फेट आणि चुना. काम होतं, पण रासायनिक गाळही ढिगाने निघतो.

(दृश्य: टेबलावर काचेची भांडी, शेजारी शेवग्याच्या शेंगा.)

तुरटीऐवजी शेवग्याचं बी वापरून बघू. आमटीतली कोवळी शेंग इथे चालत नाही. झाडावरच वाळलेली, जून शेंग हवी. बी सोलायचं, पांढरा गर कुटायचा, मिठाच्या पाण्यात ढवळून फडक्यातून गाळायचा. हे दुधट पाणी शिळं करून चालत नाही. त्यात धन प्रभाराची प्रथिनं आहेत. ती रंगाला धरतात.

हे पाणी सांडपाण्यात ओतून आधी जोरात ढवळायचं. मग अगदी हळू, नाहीतर जमलेले पुंजके फुटतात.

(थोडी शांतता. भांड्याचा क्लोज-अप.)

बघा, खाली बसायला लागले.

ही युक्ती जुनीच. निवळीची बी उगाळून पाण्यात घातली की गढूळ पाणी निवळतं. झाडाच्या नावातच काम आलं. सुश्रुतसंहितेत ती 'कतक' म्हणून येते. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात तर टोमणाच आहे: कतकाचं नुसतं नाव घेऊन पाणी स्वच्छ होत नाही. 'नैसर्गिक' म्हटलं की हुरळून जाणाऱ्यांनी हा श्लोक भिंतीवर लावावा. चिंचोक्याची गंमत वेगळी. त्याची खळ ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, लावायचे. आता तोच चिंचोका कापडाच्या दुसऱ्या टोकाला, सांडपाण्यात घालून पाहिला जातोय.

(दृश्य: पुन्हा तेच भांडं.)

आता वरचं पाणी बरंच फिकं झालंय. तळाचा गाळ मात्र जांभळाच. तो खत म्हणून शेतात टाकता येणार नाही. बियांतला थोडा सेंद्रिय अंश पाण्यात उतरलाय, म्हणजे सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) तपासायलाच हवा. आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर बुडवला, तर आकडा खाली आलेला नाही. आपणच घातलेल्या मिठाने तो जरासा चढलाय.