कोयना, किल्लारी आणि पुढची वाट

(भूशास्त्र आणि स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मला विषय दिलाय ‘भूकंपशास्त्रातील संधी’. संधी म्हटलं की मुलं वही उघडतात आणि परीक्षांची नावं लिहून घ्यायला सरसावतात. नावं देणार आहे, पण भराभर आणि उशिरा. ती कुठेही मिळतात. त्याआधी तुम्हाला दोन ठिकाणी न्यायचंय. जगभरच्या भूकंपतज्ज्ञांना ज्यांची नावं तोंडपाठ आहेत अशी दोन गावं आपल्या राज्यात आहेत, आणि आपली बहुतेक मुलं ती न बघताच एम.एस्सी. होतात.

पहिलं कोयनानगर. धरण १०३ मीटर उंच. साठच्या दशकाच्या सुरुवातीला शिवाजीसागरात पाणी साठू लागलं आणि लगेच आजूबाजूला धक्के जाणवू लागले. मग ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं, ६.३ क्षमतेचा भूकंप. मुंबई-पुण्याची माणसंसुद्धा अंथरुणातून उठून बाहेर आली. जलाशयामुळे चाळवलेले मोठे भूकंप चीनमध्ये झाले, आफ्रिकेत करिबा धरणापाशी झाले, ग्रीसमध्ये झाले. तिथलं प्रकरण कालांतराने शांत झालं. कोयनेचं झालं नाही. साठ वर्षं होत आली तरी साधारण वीस बाय तीस किलोमीटरच्या त्याच पट्ट्यात धक्के बसताहेत. पावसाळ्यात जलाशय भरतो, नंतर उपसा होतो, आणि या चढउताराशी धक्क्यांचं वेळापत्रक बरंचसं जुळतं.

हे भूकंप उथळ आहेत, बहुतेक दहा किलोमीटरच्या आतले, आणि एका लहान जागेत अडकलेले. म्हणूनच ‘चला, खाली भोक पाडून बघू’ असं म्हणता आलं. कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे ती याच कामासाठी. गोठणे गावी तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतलं गेलं. त्याआधी परिसरात दीडेक किलोमीटर खोलीची विवरं घेऊन खडकाचे सलग नमुने काढले होते. तिथे गेलात तर संगणकांपेक्षा त्या खोक्यांपाशी जास्त वेळ थांबा. सलग मांडलेले दंडगोल. एक लाव्हाप्रवाह, त्याच्या माथ्यावर पोकळ्या आणि त्यात भरलेलं झिओलाइट हे पांढरं खनिज, मग विटकरी रंगाचा ‘बोल’चा, म्हणजे दोन प्रवाहांमधल्या मातकट खडकाचा थर, मग दुसरा प्रवाह. असं करत करत गोठण्याला सव्वा किलोमीटरवर बेसॉल्ट, म्हणजे या लाव्हाचा खडक, संपतो आणि खाली ‘ग्रॅनाइटी नाईस’ हा गुलाबी-करडा खडक लागतो. वर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, खाली अब्जावधी वर्षं जुना खडक, आणि मधे गाळाचा थर नाही. तुमचं बोट दोन्हींवर एकाच वेळी ठेवता येतं. पुस्तकातल्या काटछेदाच्या आकृतीत ती नुसती एक आडवी रेघ असते.

स्थापत्यवाल्यांनी हे भूशास्त्राचं आहे म्हणून जांभया देऊ नयेत. १९६७ चा धक्का धरणातच बसवलेल्या यंत्राने नोंदवला. इतक्या जवळून, प्रत्यक्ष काँक्रीट धरणात मिळालेली नोंद त्या काळी दुर्मीळच. धरणाला भेगा गेल्या त्या वरच्या भागात, मागच्या बाजूचा उतार जिथे बदलतो त्या पातळीला. पुढे धरण मजबूत केलं. पण ती नोंद आणि त्या भेगा जगाच्या अभ्यासक्रमात गेल्या. ‘ॲबॅकस’ नावाची विश्लेषणाची प्रणाली तुमच्यापैकी काही जण वापरत असतील. तिच्याबरोबर येणाऱ्या उदाहरणांत कोयना धरण आहे. परदेशातला एखादा विद्यार्थी आज आपलं धरण संगणकावर हलवून भेग कुठे जाते ते बघत असेल, आणि पाटणचा मुलगा सहलीला जाऊन नेहरू उद्यानात फोटो काढून परत येतो!

आता किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. विसर्जन आटोपून माणसं गाढ झोपलेली. क्षमता ६.२, म्हणजे कोयनेच्या तोडीचीच; पण कोयनेत बळी गेले दोनशेच्या आत आणि इथे हजारो. असं का, हा प्रश्न घेऊनच गावात शिरायचं. आणि भूकंपाच्या स्मृतिदिनी जाऊ नका. तो दिवस तिथल्या लोकांचा आहे.

उत्तराचा मोठा भाग भिंतीत आहे. परिसरातल्या गावांत अजून काही जुनी घरं उभी आहेत, ती बघा. दोन-अडीच फूट रुंद भिंत बाहेरून भक्कम दिसते. प्रत्यक्षात त्या दोन वेगळ्या भिंती असतात आणि मधे मुरूम, माती, दगडाच्या कपच्या; दोन भाकरींमध्ये झुणका भरावा तशा. दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारा, आरपार जाणारा दगड नाही. वर तुळया, फळ्या आणि त्यावर हात-दीड हात मातीचं माळवद. उन्हाळ्यात थंडगार. धक्का बसला की भिंतीचे दोन पापुद्रे सुटतात आणि माळवदाचा सगळा भार खाली झोपलेल्यांवर येतो. गवताच्या, कुडाच्या झोपड्यांत राहणारी गरीब माणसं त्या रात्री तुलनेने वाचली.

भूशास्त्राच्या बाजूने किल्लारीने आणखी मोठा धक्का दिला. तोवरच्या नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता. ‘दख्खनचं पठार स्थिर’ हे वाक्य परीक्षेत लिहून आम्ही गुण मिळवलेले. २००२ मध्ये पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारी तिसऱ्या विभागात गेली.

फील्डवर काय करायचं? लोकांशी बोलायचं. भूकंपाची तीव्रता ठरवण्याचं काम आजही बरंचसं चहा पीत होतं. ‘किती रिश्टरचा वाटला?’ असं विचारणारा विद्यार्थी मी ताबडतोब गाडीत बसवतो. क्षमता एका भूकंपाला एकच. तीव्रता गावागणिक, कधी आळीगणिक वेगळी. म्हणून विचारायचं: तुम्ही बसला होतात की उभे? झोपलेले जागे झाले का? मांडणीवरची भांडी नुसती वाजली की खाली आली? भेग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेली की दोन भिंतींच्या जोडावर उभी? अशा पन्नास घरांची उत्तरं नकाशावर टाकली की तीव्रतेच्या रेषा आपोआप दिसू लागतात.

सेमिनारबद्दल थोडं कडक बोलतो. दरवर्षी मी तेच चाळीस स्लाइड बघतो: पृथ्वीचं अंतरंग, प्लेटा, रिंग ऑफ फायर, शेवटी ‘थँक यू’ आणि गुलाबाचं फूल. त्याऐवजी एकच भूकंपालेख घ्या. त्यावर आधी येणारी वेगवान पी लहर कधी पोचली आणि मागून येणारी एस कधी, ते सेकंदात मोजा, वजाबाकी करा, आठाने गुणा. जवळच्या भूकंपासाठी साधारण तेवढे किलोमीटर अंतर. कोयनेचा धक्का पुण्याच्या यंत्रावर पंधरा सेकंदांच्या फरकाने दिसला, तर झाले १२० किलोमीटर. नकाशावर ताडून बघा. तीन केंद्रांवरून अशी तीन वर्तुळं काढा. हे वर्गासमोर हाताने करून दाखवणारा विद्यार्थी मला आवडतो. जगातल्या अनेक केंद्रांची माहिती फुकट उतरवता येते आणि ती वाचायला ‘ऑब्सपाय’ ही पायथनची फुकट प्रणाली आहे. रूरकीला दर चार वर्षांनी भूकंप अभियांत्रिकीची परिषद भरते. तिथे श्रोता म्हणून जाण्यापेक्षा एक साधं पोस्टर घेऊन जा. पोस्टरपाशी उभ्या असलेल्या मुलाला येणारा-जाणारा प्रश्न विचारतो, आणि पुढची पीएच.डी. अशा गप्पांतून जमते.

आता वह्या काढा. बी.एस्सी.नंतर जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा, त्यातून आयआयटी मुंबई, रूरकी, धनबाद इथे भूशास्त्र किंवा भूभौतिकी. स्थापत्यवाल्यांना एम.टेक.साठी गेट परीक्षा आणि रूरकीचा भूकंप अभियांत्रिकी विभाग. संशोधनासाठी नेट, हैदराबादची एनजीआरआय (राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था), डेहराडूनची वाडिया हिमालय भूविज्ञान संस्था, गांधीनगरची आयएसआर (भूकंप संशोधन संस्था), पनवेलची भूचुंबकत्व संस्था. सरकारी नोकरीसाठी यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा. आपल्या घराजवळ नाशिकची मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) आणि खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र. झालं.

ज्या संधीकडे कोणी बघत नाही ती वेगळी आहे. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने तीस मीटर किंवा त्याहून उंच धरणांवर भूकंपमापन केंद्र उभारण्याची जबाबदारी मालकावर टाकली. देशात सर्वाधिक मोठी धरणं महाराष्ट्रात. यंत्र विकत घेणं सोपं असतं. ते चालू ठेवणारी, नोंद वाचणारी आणि ‘हा भूकंप नाही, खाणीतला सुरुंग आहे’ हे सांगणारी माणसं कुठून आणणार? हे काम तालुक्याच्या गावी राहून करता येतं. त्याला भौतिकशास्त्र, थोडं प्रोग्रॅमिंग आणि चिकाटी लागते. पगार आयटीएवढा नसेल, हे आधीच सांगून ठेवतो.

(प्रश्नोत्तरांतून)

भूकंपाचं भाकीत करता येईल का? तारीख-वार सांगून नाही, आणि जो सांगतो त्याला दारातूनच परत पाठवा. १९९२ च्या पावसाळ्यापासून किल्लारीत छोटे धक्के बसत होते, पुढच्या वर्षी मोठा आला. पालघरमध्ये डहाणूच्या परिसरात नोव्हेंबर २०१८ पासून असेच धक्क्यांचे झुबके सुरू झाले, शेकड्यांनी बसले, पण किल्लारीसारखा त्यांतून आलेला नाही. सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून डहाणूत मुक्काम ठोकून यंत्रं लावावी लागतात, आणि घरं तपासावी लागतात.

मुलींना फील्डवर अडचण येते का? राहण्याची, स्वच्छतागृहाची येते, आणि ती सोय आधी करून ठेवणं हे शिक्षकांचं काम आहे. बाकी सर्वेक्षणात मुली असल्या तर नोंदी सरस येतात. मांडणी स्वयंपाकघरात असते. मुलगे ओसरीवर बसून घरच्या कर्त्या पुरुषाला विचारतात, आणि तो धक्क्याच्या वेळी शेतावर असतो. दोघी-दोघींच्या जोड्या करा, प्रश्नावली मराठीत छापून घ्या, आणि निघण्याआधी ती एकदा स्वतःच्या आईला विचारून बघा. कुठे अडतं ते लगेच कळेल.