अशक्याचे कायदे

श्रोतेहो, नमस्कार.

विज्ञानकथा, कॉमिक्स, ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशनपट आणि व्हिडिओ गेम यांचा शौक असलेल्या माणसाला घरात आणि बाहेर एक शेरा हमखास ऐकावा लागतो, तो म्हणजे “काय वाट्टेल ते दाखवतात!” माणूस उडतो, यंत्र रडते, मेलेला उठून बसतो आणि चांगली जाणती माणसे ते तहानभूक विसरून पाहतात, याचे घरच्यांना नवल वाटते. माझे म्हणणे असे की, वाट्टेल ते जर कुठे चालत नसेल तर ते याच प्रकारांत. सामाजिक कादंबरीत एखादा सोयीचा योगायोग वाचक पोटात घालतो. विज्ञानकथेत तो लगेच खटकतो. लेखकाने आरंभी एक अशक्य गोष्ट मागून घ्यावी, आम्ही ती विनातक्रार देतो. मात्र त्या एका गोष्टीतून पुढे जे जे निघेल ते त्याने आणि त्याच्या पात्रांनी निमूटपणे भोगले पाहिजे. ही अट पाळणारी कलाकृती मला आवडते, मोडणारी आवडत नाही, मग तिच्यावर कितीही कोटी खर्च झालेले असोत.

आपण नाशिककरांना हे समजायला अवघड जाऊ नये. पंचवटीत सीतागुंफेच्या दर्शनाला आलेल्या लहान मुलालाही लक्ष्मणरेषेचा नियम ठाऊक असतो. बाहेरच्याला आत येता येणार नाही, पण आतल्याने आपणहून बाहेर पाऊल टाकले तर रेषेचा इलाज चालणार नाही. आता वाल्मीकींच्या रामायणात ही रेषा नाही. ती पुढच्या काळातल्या कथाकारांनी ओढली. का ओढली असावी, याविषयी पंडितांची मते काहीही असोत, एका शौकिनाचा अंदाज मी सांगतो. रेषा नसताना रावणाचे काम केवळ बळाने भागते. रेषा आली की ते बळ निरुपयोगी ठरते. सीतेने स्वतः बाहेर यावे यासाठी त्याला भिक्षेचा डाव मांडावा लागतो, आणि दारी आलेल्या याचकाला विन्मुख पाठवायचे की दिराने घातलेली मर्यादा पाळायची, असा खरा पेच सीतेपुढे उभा राहतो. एका नियमाने प्रसंगाची उंची किती वाढली, ते पाहा. (जाता जाता एक तक्रार. जपानचे युगो साको यांनी आपले ॲनिमेशनकार राम मोहन यांना सोबत घेऊन रामायणावर जो सुंदर ॲनिमेपट केला, तो २०२५ च्या जानेवारीत आपल्याकडच्या चित्रपटगृहांत नव्याने झळकला तेव्हा हिंदी, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजीत ऐकायला मिळाला. पंचवटीच्या गावात तो मराठीत ऐकता आला नाही, याची मला अजून चुटपुट आहे.)

मराठीत या शिस्तीचा धडा ज्यांनी घालून दिला, ते डॉ. जयंत नारळीकर. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी आपली पहिली विज्ञानकथा टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले, हे अनेकांना ठाऊक आहे. २०२१ च्या डिसेंबरात आपल्या नाशिकमध्ये ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे ते अध्यक्ष होते. प्रकृतीमुळे त्यांना येता आले नाही. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांची जी कथा मी पुनःपुन्हा वाचतो, ती म्हणजे ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. इतिहासाचे एक प्राध्यापक अपघातानंतर अशा जगात जाऊन पडतात, जिथे पानिपतची तिसरी लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. मागून घेतलेली अशक्य गोष्ट एवढीच.

हाच विषय एखाद्या हौशी लेखकाच्या हाती पडला असता, तर त्याने अटकेपासून कटकपर्यंत झेंडे फडकवून, दोनचार तेजस्वी भाषणे घालून कथा संपवली असती आणि टाळ्याही घेतल्या असत्या. नारळीकर तसे करत नाहीत. मराठे जिंकले तर ईस्ट इंडिया कंपनीचे काय होईल, याचा ते हिशेब मांडतात आणि उत्तर देतात की, ती नाहीशी होणार नाही, किनाऱ्यावरच्या मोजक्या ठिकाणी तग धरून राहील. म्हणून कथेतला प्रवासी पुण्याहून आगगाडीने निघतो आणि इंग्रजी अमलाखालच्या मुंबईत उतरतो. तिथे तो आपल्या मुलाच्या कचेरीत जाऊन चौकशी करतो, तर त्या नावाचा कोणीच तिथे कामाला नाही. दोनशे वर्षांपूर्वीची एक लढाई जिंकली गेली आणि एका बापाला आपला मुलगा सापडेनासा झाला. कथेने विजयाची केवढी किंमत वसूल केली! पुढे ग्रंथालयात बसून प्राध्यापक महाशय हा फाटा नेमका कुठे फुटला याचा माग काढतात. आपल्या इतिहासात १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना गोळी लागली आणि लढाईचे पारडे फिरले. त्या जगातल्या बखरीत ती गोळी कानाला चाटून गेली. सारा फरक तेवढ्या तसूभर अंतराचा. विज्ञानकथा म्हणजे अवकाशयाने आणि चमकणारी बटणे, असे ज्यांना वाटते त्यांनी ही कथा वाचावी. तिच्यात सगळा पेच बखरीच्या पानांवर सुटतो.

ॲनिमेकडे वळताना मला आपल्या नाशिकजवळचे ओझर आठवते. तिथल्या एचएएलच्या कारखान्यात मिग विमाने तयार झाली, पुढे सुखोई तयार झाली, आणि या परिसरात असे कितीतरी लोक आहेत ज्यांना एका विमानाच्या उड्डाणामागे जमिनीवर किती माणसे राबतात हे कोणी सांगावे लागत नाही. अशा प्रेक्षकाला डोंगराएवढा यंत्रमानव दाखवला की तो पहिला प्रश्न विचारतो, “हे चालते कशावर?” हिदेआकी आन्नो यांच्या १९९५ च्या ‘इव्हँजेलियन’ या मालिकेत या प्रश्नाचे सरळ उत्तर आहे. तिथला महाकाय विजेवर चालतो, त्याच्या पाठीला जाडजूड केबल असते, आणि ती केबल तुटली की आतली बॅटरी त्याला फार तर पाच मिनिटे पुरते. पडद्यावर उलटे घड्याळ सुरू होते. एवढे अवाढव्य धूड, आत चौदा वर्षांचा घाबरलेला मुलगा, आणि मिनिटाचे आकडे उतरत चाललेले! ती केबल नसती तर ती लढाई मला दोन मिनिटांत कंटाळवाणी झाली असती.

‘डेथ नोट’ ही मालिका तर जवळजवळ नियमावलीवरच उभी आहे. वहीत नाव लिहायचे, लिहिताना त्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे हवा, मृत्यूचे कारण लिहिले नाही तर ४० सेकंदांत हृदय बंद पडणार. वही सापडलेला हुशार विद्यार्थी आणि त्याच्या मागावरचा गुप्तहेर हे दोघे त्या कलमांवर एखाद्या दिवाणी दाव्यातल्या वकिलांप्रमाणे झुंजतात. याच्या उलट ‘ड्रॅगन बॉल’ ही मालिका. त्यातल्या मारामाऱ्यांची गती आणि रेखाटन मला मान्य आहे, पण जादूचे सात गोळे जमवून मेलेला माणूस परत आणण्याची सोय एकदा झाली की, पुढच्या मरणाला मी कशासाठी हळहळावे? अमेरिकी सुपरहिरोंच्या अलीकडच्या चित्रपटांत समांतर विश्वांचा असाच सुळसुळाट झाला आहे. या विश्वातला मेला तर त्या विश्वातला आणतात, आणि तिकिटाचे पैसे मात्र आपण याच विश्वात मोजतो.

त्यापेक्षा कॉमिक्समधला आपला जुना वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, बरा. १९३६ साली ली फॉक यांनी निर्माण केलेला हा नायक १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्सच्या पानांवर भारतीय घरांत आला. त्याच्याजवळ कोणतीही दैवी शक्ती नाही. चारशे वर्षे न मेलेला म्हणून जंगल त्याला भिते, आणि वाचकाला तेवढे ठाऊक असते की बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो, आणि असे करत हा एकविसावा आहे. अमरपणाचा असा चोख खुलासा फार थोड्या कथांत सापडेल.

आता व्हिडिओ गेम. ज्यांनी टीव्हीला जोडायच्या खेळात ‘कॅसेट’ घालून, ती चालली नाही की काढून फुंकर मारून ‘कॉन्ट्रा’ खेळले असेल, त्यांना धबधब्याचा टप्पा आठवत असेल. दोघांनी मिळून एकेका कड्यावर उड्या मारत वर चढायचे. पडदा फक्त वर सरकतो, खाली येत नाही. त्यामुळे पुढच्याने घाई केली की मागे राहिलेला पडद्याच्या खालच्या कडेला जातो आणि शत्रूची गोळी न लागताच मरतो. सख्ख्या भावांची भांडणे या टप्प्यावर व्हायची. तिथे वाट्टेल ते चालते असे कोणी म्हणून दाखवावे. कथेत नियम लेखक पाळतो. गेममध्ये तो खेळणाऱ्याला स्वतःच्या बोटांनी शिकावा लागतो, आणि चुकीला क्षमा नसते.

कधीकधी तर नियम यंत्राच्या मर्यादेतून जन्माला येतो. तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली ‘स्पेस इनव्हेडर्स’ हा गेम बनवला, तेव्हा पडद्यावर परग्रहवासीयांच्या अकरा-अकराच्या पाच रांगा, म्हणजे ५५ आकृती हलवताना त्या काळच्या प्रोसेसरची दमछाक होत होती आणि त्या सावकाश सरकत होत्या. खेळणारा एकेक टिपू लागला की काढायच्या आकृती कमी होत आणि उरलेल्या आपोआप वेगाने सरकू लागत. निशिकादोंनी हा दोष काढून टाकला नाही. त्यामुळे जिंकत आल्यावर खेळ अधिक अवघड होतो, आणि शेवटचा एकटा उरलेला शत्रू सुसाट धावतो तेव्हा हाताला घाम सुटतो.

आजच्या मोबाइलवरच्या पुष्कळ फुकट खेळांवर माझा राग आहे तो याच कारणासाठी. त्यांत नियम विक्रीला ठेवलेला असतो. टप्पा मुद्दाम अडेल असा रचायचा, आणि खेळणारा वैतागला की पैसे भरून वाट मोकळी करून द्यायची, ही त्यांची पद्धत. हिंसा, डोळे आणि अभ्यास यांची काळजी पालक करतात, ती त्यांनी करावीच. या प्रकाराकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. दिवाळीच्या सुट्टीत मुलांच्या हाती एखादा गेम देणार असाल, तर आधी अर्धा तास तो स्वतः खेळा आणि मुद्दाम हरा. हरल्यावर तो पुन्हा आरंभापासून खेळायला लावतो की पैसे भरायचा पर्याय पुढे करतो, एवढे पाहून घ्या आणि मग काय ते ठरवा. नमस्कार.